निदान एक रिपिटेशन अख्खं ठेवा

जिमच्या इन्स्टाग्राम पानासाठी चौकोनी व्हिडिओ एडिट करण्याचं काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपं वाटतं. बरंचसं फुटेज येतं, त्यातले तीस सेकंद निवडायचे, वर गाणं टाकायचं, शेवटी जिमचा पत्ता आणि फोन नंबर द्यायचा. पण ही निवड करणारा माणूस आणखीही एक गोष्ट ठरवत असतो. स्क्वॉट कुठून सुरू होतो, किती सावकाश खाली जातो, कुठे थांबतो आणि वर कसा येतो, हे पाहणाऱ्याला कळतं ते टाइमलाइनवर जेवढं उरलं तेवढ्यावरून. उरलेलं फुटेज हार्ड डिस्कवर पडून राहतं, ते कुणीच पाहत नाही. या कामातून माझं जे मत बनलं आहे ते असं: व्हिडिओत जो व्यायाम दाखवला असेल त्याचं निदान एक रिपिटेशन, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीपासून पुन्हा त्याच स्थितीत येईपर्यंतची पूर्ण हालचाल, मूळ वेगात, एकाही कटाशिवाय आणि हातापायांसकट पूर्ण चौकटीत दिसली पाहिजे. बाकीच्या सेकंदांत एडिटरने हवी ती कलाकुसर करावी. एवढी एक अट मात्र ग्राहकाच्या आवडीवर किंवा एडिटरच्या लहरीवर सोडता कामा नये.

याचं कारण पाहणाऱ्याच्या वागण्यात आहे. व्यायामाचा व्हिडिओ माणूस पाहतो तो बहुतेक वेळा करून बघण्यासाठी. पदार्थाचा फोटो पाहून कुणी तो लगेच करायला घेत नाही, पण फोनवर डेडलिफ्ट पाहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी बारपाशी उभा असतो. तालमीत शिकणाऱ्याच्या बाजूला वस्ताद उभा असायचा. जोर मारताना कंबर पडली, बैठक मारताना टाच उचलली गेली, की तिथल्या तिथे टोकणारी नजर होती. छापील पानाने शिकवायची वेळ आली तेव्हाही आपल्याकडे माणसांनी मेहनत घेतली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त व्यायामप्रकार वर्णन करून, चित्रं देऊन मांडलेले आहेत. आज तालुक्याच्या गावीही जिम आहे, मशिनं आहेत, पण एका ट्रेनरच्या वाट्याला संध्याकाळच्या गर्दीत किती माणसं येतात हे कोणत्याही जिममध्ये सातच्या सुमाराला डोकावलं तर दिसेल. ती पोकळी फोन भरून काढतो. आपण बनवतो ती जाहिरात आहे असं जिमला वाटत असेल, पाहणारा मात्र तिच्याकडून शिकत असतो.

आता चौकोनाविषयी. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर फोटो फक्त चौकोनी टाकता येत असे. जून २०१३ मध्ये व्हिडिओ आला, तोही पंधरा सेकंदांचा आणि चौकोनी. ऑगस्ट २०१५ मध्ये आडव्या आणि उभ्या मापांना परवानगी मिळाली. टिकटॉकवर जून २०२० च्या अखेरीस भारतात बंदी आली आणि लगेच जुलैत रील्स इथे सुरू झाल्या, तेव्हापासून उभ्या मापाचं राज्य सुरू झालं. जानेवारी २०२५ पासून तर प्रोफाइलच्या पानावरचे चौकोनही उभे झाले. त्यामुळे चौकोनी व्हिडिओ आता कालबाह्य झाला, असं या धंद्यातली बरीच मंडळी सांगतात. फॅशनपुरतं ते खरं असेल, पण व्यायामाच्या बाबतीत मला ते पटत नाही. त्यामागे साधं मापाचं गणित आहे, आणि ते कुणालाही टेप घेऊन तपासता येईल.

पुरुषांच्या ऑलिम्पिक बारची लांबी २.२ मीटर असते, म्हणजे जवळपास सव्वासात फूट. तो बार खांद्यावर घेऊन उभा असलेला माणूस समोरून टिपायचा तर चौकटीची रुंदी साधारण २.४ मीटर लागते. चौकोनी चौकटीत उंचीही तेवढीच मिळते, आणि पाच फूट सात इंचांचा माणूस तिच्यात नीट बसतो, डोक्यावर थोडी आणि पायाखाली थोडी जागा उरते. त्याने बार डोक्यावर उचलला तरी हात चौकटीत राहतात. हेच दृश्य १६:९ च्या आडव्या चौकटीत घेतलं तर रुंदी सव्वाचार मीटर होते. त्यातला बराच भाग शेजारच्या ट्रेडमिलला जातो आणि उभ्या धरलेल्या फोनवर माणूस जवळपास निम्मा दिसतो. उभ्या ९:१६ मापात उलट घडतं. पूर्ण बार दिसावा म्हणून २.४ मीटर रुंदी ठेवली तर उंची सव्वाचार मीटर होते. फोनच्या पडद्यावर माणूस तेवढाच दिसतो जेवढा चौकोनात दिसत होता. वाढतात फक्त छत आणि फरशी. ही रिकामी जागा एडिटरला सहन होत नाही. तो चित्र मोठं करतो आणि बारची दोन्ही टोकं कापली जातात. टोकांवर काय असतं? वजनाच्या प्लेटा आणि त्या घसरू नयेत म्हणून लावलेले कॉलर. नवख्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट पडद्याबाहेर जाते. चौकोन माणसाच्या शरीराला आणि त्याच्या हातातल्या वजनाला मापाने न्याय देतो, म्हणून मला तो या कामासाठी अजूनही योग्य वाटतो.

अर्थात चौकोन आपोआप प्रामाणिक होत नाही. जिममधलं बहुतेक चित्रीकरण फोन उभा धरून होतं. १०८० बाय १९२० पिक्सेलच्या त्या चित्रातून १०८० बाय १०८० चा चौकोन काढला की ५६ टक्के चित्र उरतं, ४४ टक्के जातं. काय ठेवायचं याचा निर्णय घाईत झाला तर चेहरा राहतो आणि पाय जातात, कारण चेहरा ओळखीचा असतो आणि ग्राहकाला तोच हवा असतो. पण स्क्वॉटमधली चूक बहुतेक वेळा पायापाशी दिसते: टाच उचलली जाते, गुडघे आत वळतात. बेंच प्रेसमध्ये असाच कापला जातो तो डोक्यामागे उभा असलेला स्पॉटर. पाहणाऱ्याला दिसतं की माणूस एकटाच जड वजन छातीवर घेतो आणि वर ढकलतो. मदतीला हात तयार होते ही गोष्ट पुसली जाते, आणि घरी किंवा रिकाम्या जिममध्ये एकट्याने तेच करायची हिंमत कुणाला तरी होते. म्हणून फुटेज फोर-केमध्ये, थोडं दूर उभं राहून घ्यायला सांगावं. चौकट निवडायला वाव राहतो आणि चित्रही फाटत नाही. कापण्याचा चांगला उपयोगही आहे, तोही सांगायला हवा. जिमच्या भिंती आरशांच्या असतात. मागे व्यायाम करणाऱ्या, चित्रीकरणाला होकार न दिलेल्या बाई आरशात दिसत असतील तर त्यांना चौकटीबाहेर ठेवणं हे एडिटरचं कर्तव्यच आहे.

चौकटीपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे, आणि माझ्या मते या कामातलं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. शिस्तीत मारलेला एक स्क्वॉट साधारण चार सेकंदांचा असतो: दोन-तीन सेकंद खाली, मग जोर लावून वर. वजन ताब्यात ठेवून खाली जाणं हा त्या व्यायामाचा निम्मा भाग आहे. स्नायू ताणला जात असताना काम करतो तो हाच टप्पा, आणि गुडघ्यांची व कमरेची काळजी घेतली जाते तीही इथेच. आता जिमच्या व्हिडिओत सर्रास काय होतं ते पाहा. खाली जाणं कंटाळवाणं वाटतं म्हणून ते दुप्पट वेगाने पळवतात. वर येणं रोमांचक वाटतं, चेहऱ्यावर ताण दिसतो, म्हणून ते स्लो मोशनमध्ये टाकतात. पडद्यावर माणूस धपकन खाली पडतो आणि हळूहळू वर येतो. ट्रेनर ओरडून जे शिकवत असतो त्याच्या नेमकं उलट चित्र तयार होतं, आणि तेही त्याच ट्रेनरच्या फुटेजमधून. एडिटरच्या मनात काही वाईट नसतं. सॉफ्टवेअरमध्ये वेगाची रेघ वरखाली ओढायची सोय आहे, तिने व्हिडिओ चटपटीत होतो, एवढंच त्याला माहीत असतं. स्लो मोशनचा हट्ट आपल्याकडे आणखी एका कारणाने महागात पडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोन १२० फ्रेमवर लावला की चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर एक शतांश सेकंद ठेवलं तर चित्र स्थिर राहतं, आणि ५० फ्रेमचं फुटेज निम्म्या वेगात चालवायची मुभाही मिळते. ती मुभा जरूर वापरावी, पण अख्खी हालचाल मूळ वेगात एकदा दाखवून झाल्यावर.

दुसरी सवय गाण्याच्या ठेक्यावर कापण्याची. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दर अर्ध्या सेकंदाला ठोका पडतो. चार ठोक्यांवर कट मारला तर एक शॉट दोन सेकंदांचा होतो, आणि दोन सेकंदांत एकही स्क्वॉट पूर्ण होत नाही. पाहणाऱ्याला तुकडे दिसतात: खाली जाणारे गुडघे, घामेजलेला दंड, वर येणारा बार. पण हेच गणित आपल्या बाजूनेही वापरता येतं. त्याच गाण्यात आठ ठोक्यांचे चार सेकंद होतात, म्हणजे बरोबर एक रिपिटेशन. ठेका सोडावा लागत नाही, फक्त कट एका चक्रापुरता पुढे ढकलावा लागतो. ज्याच्या कानाला ताल आहे त्या एडिटरला समेवर सुरू होऊन समेवर संपणारी बैठक तुकड्यांपेक्षा जास्त समाधान देते. गाण्याविषयी जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. इन्स्टाग्रामवर व्यवसायाचं खातं असेल तर गाजलेली सिनेगाणी वापरायची मुभा वैयक्तिक खात्याइतकी मिळत नाही, आणि ज्याचा परवाना नाही ते गाणं वापरलं तर व्हिडिओ मुका होऊ शकतो. आधी गाणं ठरवून मग त्यावर व्यायाम कापण्यापेक्षा आधी व्यायाम ठरवून त्याच्या चालीचं, परवान्याचं संगीत शोधावं.

यावर पहिला आक्षेप लोकांच्या धीराचा. अंगठा सतत सरकत असतो, पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही घडलं नाही तर माणूस पुढे जातो, मग चार सेकंद एकच सलग शॉट कोण पाहणार? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. पण अख्खं रिपिटेशन पहिल्याच सेकंदाला टाका असं कुठे म्हटलं आहे? सर्वांत उत्कंठेचा क्षण आधी दाखवा, मग अख्खी हालचाल येऊ द्या, पुन्हा तुकडे घ्या. तीस सेकंदांतले चार सेकंद म्हणजे सातवा हिस्साही नाही. शिवाय रील संपली की आपोआप पुन्हा सुरू होते, आणि व्यायामाची हालचाल जिथे सुरू होते तिथेच संपते. उभं राहण्यापासून उभं राहण्यापर्यंत. एका रिपिटेशनवर बेतलेल्या छोट्या रीलचा शेवट सुरुवातीला असा जुळतो की सांधा दिसत नाही आणि पाहणारा तीच हालचाल तीन-चार वेळा पाहून जातो. तुकड्यांच्या व्हिडिओला हा फायदा मिळत नाही, कारण त्याचा शेवटचा तुकडा पहिल्याशी जुळत नाही. म्हणजे ज्या माध्यमाकडे बोट दाखवून हालचाल कापली जाते, त्याच माध्यमाची रचना अख्ख्या हालचालीला अनुकूल आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: ही जाहिरात आहे, हा काही शिकवणीचा वर्ग नाही, जिमला मेंबर हवेत, विद्यार्थी नकोत. इथे थोडं मागे जाऊन पाहिलं तर एक फरक स्पष्ट होतो. एडवर्ड मायब्रिजने १८८७ मध्ये ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ हा छायाचित्रांचा प्रचंड संच प्रसिद्ध केला. त्याच्या ७८१ पानांवर माणसं आणि प्राणी चालताना, धावताना, उडी मारताना टप्प्याटप्प्याने दिसतात. हालचाल समजावी हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर सातच वर्षांनी, १८९४ मध्ये, बलदंड शरीरासाठी जगभर गाजलेला युजेन सँडो एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याने नुसते स्नायू फुगवून दाखवले. शरीर दिसावं एवढाच तिथे हेतू होता. दोन्ही गोष्टी योग्य आहेत. जिमला पिळदार शरीर दाखवून लोकांना बोलवायचं असेल तर सँडोसारखी ऐट दाखवावी, तिचं अनुकरण केल्याने कुणाची पाठ दुखावत नाही. मात्र ज्या क्षणी बार जमिनीवरून उचलला जातो, त्या क्षणी तो व्हिडिओ हालचालीचा होतो आणि हालचालीचे नियम त्याला लागू होतात. ‘ही तर जाहिरात’ ही सबब स्नायूंच्या प्रदर्शनाला चालेल, डेडलिफ्टला चालणार नाही.

आणि जाहिरात म्हणून पाहिलं तरी जबाबदारी कमी होत नाही, उलट ती कायद्याची होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचना सेवा देणाऱ्याला आणि जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो ‘आधी आणि नंतर’च्या व्हिडिओंत. डावीकडे सुटलेलं पोट, उजवीकडे सपाट, मधे एक झटक्याचा कट. या कटामध्ये सात-आठ महिने असतात, आहार असतो, कधी आजारपण आणि पुन्हा सुरुवात असते. शिवाय दोन चित्रांतला प्रकाश वेगळा असतो: पहिल्यात समोरून सपाट, दुसऱ्यात वरून, ज्याने पोटावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. निरोगी पद्धतीने वजन उतरतं ते आठवड्याला अर्धा ते एक किलोच्या आसपास, असं आरोग्य यंत्रणा सांगतात. त्या हिशेबाने वीस किलो उतरायला पाच-सहा महिने तर लागणारच. म्हणून अशा व्हिडिओवर किती महिने लागले हे ठळक अक्षरांत, दोन्ही चित्रं दिसत असताना लिहिलेलं असावं, प्रकाश आणि अंतर सारखं ठेवावं, आणि कंबर बारीक करणारं साधन एडिटरने उघडूच नये. मेंबरने घाम गाळून मिळवलेला बदल आहे तसा पुरेसा मोठा असतो. त्यात भर घालणं हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप एडिटर मंडळींकडून येतो, आणि मला त्यांच्याविषयी आस्था असल्यामुळे त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. एडिटर काही व्यायामाचा तज्ज्ञ नसतो. बरोबर डेडलिफ्ट कोणता आणि चुकीचा कोणता हे त्याने कसं ओळखायचं? ती जबाबदारी ट्रेनरची. यातला पहिला भाग मान्य. एका व्हिडिओमागे ठरावीक पैसे मिळतात, महिन्याला अनेक जिमची कामं उरकायची असतात, रात्री उशिरा फुटेज येतं आणि सकाळी पोस्ट हवी असते. अशा माणसाकडून शरीरशास्त्राची अपेक्षा करणं अन्याय आहे. पण मी मांडतो आहे त्या अटीला शरीरशास्त्र लागतच नाही. हालचाल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कुणालाही दिसतं. ती मधे न कापणं, न पळवणं, डोक्यापासून टाचेपर्यंत चौकटीत ठेवणं, एवढंच एडिटरला सांभाळायचं आहे. मग ट्रेनरचं तंत्र चुकलं असेल तर ती चूकही उघडी पडते आणि तीच या अटीची मोठी जमेची बाजू आहे. तुकड्यांच्या व्हिडिओत वाईट तंत्र लपतं. वाकलेली पाठ दिसायच्या आत शॉट बदलतो, आणि ज्याला शिकवता येत नाही असा ट्रेनरही पडद्यावर उस्ताद ठरतो. चांगल्या जिमचं यात नुकसान आहे, कारण तिच्यात आणि वाईट जिममध्ये फरक दाखवणारी एकमेव गोष्टच एडिटने पुसली जाते.

ग्राहक उभा व्हिडिओच मागत असेल तर त्यालाही तोडगा आहे. १०८० बाय १९२० च्या चौकटीत मधोमध चौकोन ठेवला की वर आणि खाली ४२० पिक्सेलची पट्टी उरते. व्यायामाचं नाव वरच्या पट्टीत लिहा आणि खालच्या पट्टीच्या वरच्या भागात, जिथे अ‍ॅपची बटणं आणि नाव येत नाही तिथे, मराठीत एकच सूचना द्या: टाचा जमिनीला, खाली जाताना श्वास आत. पुष्कळ लोक बसमध्ये, ऑफिसात आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे ट्रेनरने बोललेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. लिहिलेलं पोहोचतं. अक्षरं गुडघ्यांवर किंवा कमरेवर येणार नाहीत, हा या मांडणीचा खरा फायदा. दोन सेटमधली विश्रांतीही अशीच अक्षरांत दाखवता येते. जड वजनाच्या दोन सेटमध्ये माणूस दोन-तीन मिनिटं बसतो, पाणी पितो. ते सगळं दाखवायची गरज नाही, पण ‘मधे तीन मिनिटं विश्रांती’ एवढं लिहिलं तर नवखा माणूस दम लागेपर्यंत सलग वजन उचलत राहणार नाही.

जिम चालवणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे. एडिटरला काम देताना किती सेकंदांचा व्हिडिओ हवा हे सांगता, तसं कोणतं रिपिटेशन अख्खं राहिलं पाहिजे तेही सांगा, आणि त्या चार सेकंदांसाठी कॅमेरा पावलं दिसतील इतका मागे न्या. तयार व्हिडिओ मालकाच्या मंजुरीला जातोच. तो पोस्ट होण्याआधी पाच मिनिटं काढून त्या व्यायामाच्या ट्रेनरलाही दाखवा, आणि त्याने ‘हे असं करू नये’ म्हटलं तर तो त्या दिवशी पोस्ट करू नका.